नाव, पत्ता आणि पीपी नंबर

९ ऑगस्ट २००१
बँकेतून व्हीआरएस घेऊन चार महिने झाले. नवीन रोजनिशी, निश्चय एकच: शेजारच्या भय्यासाहेबांना उज्जैनच्या मराठी स्नेहवर्धक मंडळाच्या अध्यक्षपदावरून खाली उतरवणे. सभा २६ जानेवारीला. अकरा वर्षं मी कार्यवाह. टेबलावर भैरवगढची छापील चादर मी अंथरायची आणि तिच्यामागे हार घालून बसणार ते. का, तर त्यांचे खापरपणजोबा दरबारात फडणीस होते. आमचे वडील रेल्वेत, म्हणून आम्ही कालचे. आता अध्यक्ष मी.

११ ऑगस्ट
मंडळाची सभासद विनोदिनी भेटली. नानाखेड्याला बस स्टँडसमोर तिचं एसटीडी बूथ होतं, त्यातच आता सायबर कॅफे. भर रस्त्यात तोंड वाजवलं. मंडळाच्या परिचय पुस्तिकेत मी तिचा फोन नंबर आणि पुढे 'घटस्फोटित' छापलं, तेव्हापासून रोज कोणी ना कोणी विधुर फोन करतो म्हणे. विचारायचं तरी होतं, म्हणाली. मी सांगितलं, ज्याला लपवायचं असतं त्यालाच माहितीची भीती. तरातरा निघून गेली. पटलं असावं.

१८ ऑगस्ट
योजना पक्की. इंटरनेटवर निनावी वेबसाइट. लिहिणारा कोण, ब्रह्मदेवालाही कळणार नाही.
विनोदिनीकडेच गेलो, जवळ दुसरं कॅफे नाही. डोमेन नेमची नोंदणी इंदूरच्या एका एजन्सीमार्फत होते. ती टाइप करत होती. काका, ही सगळी माहिती... म्हणाली. मी थांबवलं. सत्तावीस वर्षं अपुरे फॉर्म परत पाठवले आहेत मी. एक रकाना रिकामा सोडला नाही. श्रीकांत गोपाळकृष्ण मुळे, बी.कॉम., सीएआयआयबी. घर नंबर, कॉलनी, खूण: भय्यासाहेबांच्या बंगल्याशेजारी. माझा फोन बँकेचा होता, तो बँकेने काढून नेला. नव्याचा अर्ज पडून आहे. म्हणून सगळ्या फॉर्मांवर लिहितो तोच शेजारचा पीपी नंबर. भय्यासाहेबांचा. ती पुन्हा काही सांगायला लागली. बाई, तू टाइप कर, म्हटलं.

२ सप्टेंबर
साइट सुरू. मजकूर स्वतः टाइप केला, दोन बोटांनी. गणपतीच्या पहिल्या आरतीचा मान भय्यासाहेबांनी सलग चौदा वर्षं लाटला. कोजागिरीला भाषण सत्तेचाळीस मिनिटं, दूध आटून गेलं. सही: एक निर्भीड सभासद. रोज बस स्टँडवर काय करता, असं बायकोने विचारलं. रजनीला प्रत्येक गोष्टीचं उत्तर लागतं. संशोधन, म्हणालो.

२० सप्टेंबर
भय्यासाहेब कुंपणावरून म्हणाले, काय मुळेसाहेब, आजकाल लिखाण जोरात आहे म्हणे आपलं. इतिवृत्ताबद्दल असणार. हसले. त्या हसण्याचीच मला चीड आहे.

७ ऑक्टोबर
मंडळात मी गेलो की लोक बोलता बोलता थांबतात. दरारा. निवडणूक जिंकल्यात जमा.

१४ ऑक्टोबर
घात झाला. विनोदिनीने स्क्रीनवर दाखवलं. डोमेन नेम टाकलं की जगात कुठूनही, कोणालाही, मालकाचं नाव-पत्ता-फोन दिसतो. सार्वजनिक यादी. तीत मी. डिग्रीसकट, खुणेसकट. आधी का नाही सांगितलं? मी दोनदा सांगत होते, काका, म्हणाली. आणि वर: ज्याला लपवायचं असतं त्यालाच भीती ना. उद्धट बाई.
भय्यासाहेबांना कॉम्प्युटर कळत नाही, एवढंच बरं.

२१ ऑक्टोबर
मार्ग सापडला. इंग्रजी मासिकात आलं आहे: युरोपात कायदा आहे, माणसाची माहिती त्याला न विचारता उघड करायची नाही. लेख लांब होता, निम्म्यातच मुद्दा समजला. एजन्सीला कडक ई-मेल: सदर कायद्यान्वये माझी माहिती झाकावी, अन्यथा. अन्यथा काय, ते लिहिलं नाही. बँकेत तेवढ्यावर भागायचं.

२९ ऑक्टोबर
एजन्सीचं उत्तर. युरोपचा कायदा युरोपात. या यादीचं काय करायचं यावर तिथेही भांडण चालू आहे. खरी माहिती देणं आणि ती उघडी राहणं ही अट आपण मान्य केली आहे. माहिती खरी असल्याची आम्ही फोनवरून खात्री करून घेऊ.
कसली अट? ती बारीक अक्षरांतली? ती कोण वाचतो? कर्जदारांना मी वाचायला लावायचो, ते वेगळं.
'फोनवरून' या शब्दाचा अर्थ जेवताना लागला. उठलोच पानावरून.

३ नोव्हेंबर, सकाळी ११
कुंपणाशी खुर्ची टाकून पाचवा दिवस. त्यांच्याकडे घंटी वाजली की आधी मी पोहोचायचं.

३ नोव्हेंबर, दुपारी ४
दाढीला पंधरा मिनिटं आत गेलो, तेवढ्यात भय्यासाहेबांची हाक. मुळेसाहेब, आपला फोन, इंदूरहून, आपल्या वेबसाइटबद्दल. त्यांच्या दिवाणखान्यात, त्यांच्या फोनवर, त्यांच्यादेखत मी सांगितलं: होय, नाव बरोबर. पत्ता बरोबर. खूण बरोबर. फोन नंबरही बरोबर.
मग त्यांनी चहा पाजला. पुतण्याने सप्टेंबरातच त्या यादीचा कागद काढून दिला होता हो, म्हणाले. आरतीचं आपलं एकदम सही आहे, पुढल्या गणपतीत पहिली आपण घ्या. फक्त भाषण चाळीस मिनिटांचं होतं. आणि फुकट पंगा कशाला, समोर बोलायचं होतं. फोनला मात्र येत जा, संकोच नको.
शिवी दिली असती तर मीही दिली असती. असल्या माणसाशी भांडायचं कसं? साइटवरचा मजकूर काढून टाकला.

२६ जानेवारी २००२
अध्यक्ष भय्यासाहेब, बिनविरोध. माझं नाव सुचवायला कोणी उठलं नाही. रजनीसुद्धा. गुडघा दुखत होता म्हणे. कार्यवाह विनोदिनी. अकरा वर्षांची इतिवृत्तं तिच्या हातात दिली. परतताना दोनदा मागे वळून पाहिलं. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

१० मार्च
नव्या परिचय पुस्तिकेचा फॉर्म आला. तळाशी नवीन ओळ: माझी माहिती छापण्यास परवानगी आहे / नाही. बाईंनी उज्जैनात युरोप आणला. 'नाही'वर ठसठशीत खूण केली. भोगा आता.

२ मे
फोन लागला. स्वतःचा.

२० जून
पुस्तिका आली. मी नाही. रजनी आहे; तिने वेगळा फॉर्म भरला, नव्या नंबरासकट. पतीचे नाव: छापण्यास परवानगी नाही. आज घरी सात फोन आले. सातही तिला.

१२ ऑगस्ट
डोमेनची मुदत १८ला संपते. नाव यादीतून आपोआप पुसलं जाईल. निश्चय: समक्ष जाऊन निकाल लावणे.

१७ ऑगस्ट
गेलो. विनोदिनीने यादी काढून दिली. श्रीकांत गोपाळकृष्ण मुळे, बी.कॉम., सीएआयआयबी. सगळे रकाने भरलेले. सोडून द्यायचं ना काका, म्हणाली. मी बराच वेळ वाचत बसलो. मग म्हटलं, दोन वर्षांसाठी वाढव. फोन नंबर बदलून तुमचा टाकू का, तिने विचारलं.
नको, शेजारचाच राहू दे, म्हणालो. तिथून निदान कोणी हाक तरी मारतं.