खालची पट्टी आणि महेमूदचा डावा हात

आश्विन शुद्ध ९, शके १८६०. जालना

महेमूदचा हात भाजला. उजवा. मनगटापासून बोटांपर्यंत.

सकाळीच हत्यारं पाटावर मांडली होती. पाने, पकडी, पेचकस – धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, वर झेंडूची फुलं. खंडेनवमीला हत्यार उचलायचं नाही, हे आमच्या मोटार-दुकानाच्या मालकाचं, रामकिसन शेठचं पक्कं. मग त्या दिवशी गाडीही उभी ठेवावी की नाही? पण शेठचे व्याही भोकरदनला निघालेले, गाडीत जाऊन बसलेसुद्धा. "सोडून या," शेठ म्हणाले. इंजिन सुरू करून तापलं, तर रेडिएटरच्या खालच्या रबरी नळीतून पाणी गळतंय.

त्या नळीवर लोखंडी पट्टी असते, ती पेचानं आवळायची. पण ती बसवली आहे पंख्याच्या मागं, इंजिनाच्या पोटाशी! माझा पंजा तिथं जातच नाही. महेमूदचा हात मात्र बांगडी भरावी इतका बारीक. मी खालून नळी दाबून धरायची आणि त्यानं वरून पेच आवळायचा, असंच आमचं चालत आलं आहे.

मी पाटावरचा पेचकस उचलायला वाकलो. तर महेमूदच अडवायला लागला. "न्हाई बद्रीभाऊ. पुजेची चीज हाये. बोटानंच आवळतो, जल्दी होतंय." इंजिन निवू द्यावं हे दोघांनाही ठाऊक होतं, पण पाहुणे आतून हाका मारत होते. नळी सुटली. उकळतं पाणी! ओरडला नाही. "या अल्ला" म्हणाला आणि हात धरून खाली बसला.

आश्विन शुद्ध १०

दसरा. सोनं द्यायला कुणाकडं गेलो नाही.

आश्विन शुद्ध १४

महेमूदच्या घरी गेलो होतो. हाताला पट्ट्या बांधलेल्या. दवाखान्यात म्हणाले, कातडी येईल, पण बोटं पहिल्यासारखी वळणार नाहीत. हे तो मला हसत सांगतो! त्याची बायको जुबेदा दाराआडून बोलली, "रातभर सोते नै भाऊ. हाथ कू देखत बैठते." तिला सातवा महिना आहे. चहा प्यालो आणि उठलो.

पूजेचा मान त्यानं राखला. आम्ही काय राखलं?

आश्विन वद्य २

आज शेठ म्हणाले, "एका हाताच्या मिस्तरीचं मी काय करू बद्री? सणाचं कुणाला काढत न्हाई. दिवाळी होऊ दे, मंग बघतो."

डोकंच फिरलं. यांच्याच व्याह्यांसाठी भाजला ना तो! पण शेठसमोर माझी जीभ टाळूला चिकटते, जन्माची खोड. एवढंच म्हणालो, "डाव्या हातानं करतो की तो समदं." शुद्ध खोटं. डाव्या हातानं त्याला अजून सदऱ्याची गुंडी लागत नाही.

शेठ हसले. "मंग पाडव्याला माह्यासमोर खालची पट्टी आवळून दाखव म्हण त्याला. आवळली तर ऱ्हाऊ दे."

आता काय करू?

आश्विन वद्य ४

दुपारी दुकानात कुणी नसताना दोघांनी हत्यारं लावून पाहिली. लांब पेचकस पेचापर्यंत पोचतो, पण तिरका बसतो. डाव्या हातात जोर नाही, जरा दाबलं की खाचेतून सटकतो आणि नळीलाच भोक पाडायला जातो. पकडीचं तोंड आत शिरतं, पण तिचे दांडे उघडायला जागा नाही – तोंड मिटूनच पकड काय पकडणार! पाना पेचाच्या चाकीवर बसतो बराबर, पण फिरवायला गेलं की लगेच पंख्याला आपटतो.

महेमूद घामाघूम झाला. शेवटी पाना टाकून दिला. "छोडो बद्रीभाऊ. मी हमाली करीन." हमाली तरी एका हातानं होते का? हे त्यालाही कळत होतं. मी उगाच त्याच्यावर खेकसलो. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

आश्विन वद्य ६

एक सुचलं आहे. हत्यार सरळ आहे म्हणून अडतं. वाकडं असलं तर? पेचकसच, पण दोन्ही टोकांना काटकोनात वळवलेला. एक तोंड उभं, एक आडवं. फिरवायला जागा थोडीच आहे, म्हणून एका तोंडानं थोडं फिरवायचं, मग हत्यार उलटं करून दुसऱ्या तोंडानं थोडं. चिमणीच्या चोचीनं का होईना, पेच आवळेल!

कुंडलिका नदीच्या काठी घिसाड्यांची पालं पडली आहेत. मोडक्या कानशीचा तुकडा घेऊन तिथं गेलो. नवरा सांडशीनं लोखंड धरतो आणि बायको, गोजरबाई, घण घालते. तिनं विचारलं, "ह्ये असलं वाकडं कशाला वं?" सांगितलं. ती घण खाली ठेवून म्हणाली, "रांडच्या पाण्यानं हात खाल्ला म्हना की." मग नवऱ्याला म्हणाली, "ह्येचं आदी घे." दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फाळ बाजूला पडला.

आश्विन वद्य ९

मोडला! पहिल्याच पिळ्याला कट्कन. पोलादाला पाणी जास्त बसलं होतं, काचेसारखं झालं. महेमूद तुकड्याकडं पाहत बसला. मला रडू आलं, म्हणून उगाच टायरमागं जाऊन खोकलो.

परत घिसाड्याकडं. आता पाणी बेताचं द्या म्हणालो.

आश्विन वद्य १२

जमलं!!

दुसरं हत्यार लवचिक आहे, मोडत नाही. महेमूदनं डावा हात घातला, डोळे मिटले आणि नुसत्या बोटांच्या अंदाजानं फिरवत राहिला – एक तोंड, मग दुसरं तोंड. मी खालून नळी धरली होती. वेळ लागला. पण इंजिन तापवून पाहिलं तर पाण्याचा टिपूस नाही. त्यानं माझा काळा हात हातात घेऊन कपाळाला लावला. मी म्हटलं, "येडा का काय तू!" दोघंही रडलो. रडलो ते रडलो, कुणाची भीती आहे?

आश्विन वद्य १४

पहाटेचं अभ्यंगस्नान उरकलं आणि फराळ घेऊन महेमूदकडं गेलो, तर हा दुकानावर! नळी धरायलाही माणूस नको म्हणून तारेचा फास करून बसला होता. नळी फासात अडकवायची, फास खालच्या दांड्याला पिळायचा. माझं काम तारेनं केलं. "शेठला दाखवतो," म्हणाला, "महेमूद आर्धा न्हाई म्हणून." त्याच्या तोंडावर नवमीनंतर पहिल्यांदाच रया दिसली.

कार्तिक शुद्ध १, पाडवा

शेठ खुर्ची टाकून समोर बसले. महेमूदनं जुनी नळी काढली, नवी घातली, फास लावला, पट्टी आवळली. सगळं डाव्या हातानं. मी पुढं झालो तर म्हणतो, "तुमी बसा बद्रीभाऊ." काम संपवून उठला आणि ताठ उभा राहिला. "पाहा शेठ. बद्रीभाऊला हाक माराची बी गरज न्हाई. बिलकुल अकेला करतो."

शेठ हसले. मीही हसलो. टाळ्याच काय त्या वाजवायच्या राहिल्या. शेठनं हत्यार हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं. "ऱ्हाऊ दे महेमूदला," म्हणाले.

जुबेदानं शेवया पाठवल्या. पोटभर खाल्ल्या.

कार्तिक शुद्ध २, भाऊबीज

सकाळी शेठनं बाजूला बोलावलं. "बद्री, एका माणसात भागतंय तर दोघं कशाला?" मी मान डोलावली. बोललो असतो तर त्यांनी पुन्हा महेमूदच्या हाताकडं पाहिलं असतं.

पिशवी घेऊन निघालो. महेमूद गाडीखालून विचारतो, "कुठं चालले बद्रीभाऊ?" म्हटलं, टेंभुर्णीला, बहिणीकडं ओवाळून घ्यायला. "जल्दी या," म्हणाला. बरं म्हणालो.