टेकडीवरची भिंत आणि माझ्या बांगड्या

अहो,

पत्राला मायना काय लिहावा, यातच माझी सकाळ गेली. आयुष्यभर तुमचं नाव घेतलं नाही, ते आता कशी घेऊ? म्हणून नेहमीची हाकच लिहिली. ओ द्यायची घाई करू नका, आधी सगळं वाचा.

काल दसरा झाला, तुमच्यावाचून पहिलाच. गावची पोरं दरवर्षीसारखी सोनं द्यायला आली आणि सोनं देऊन झालं तरी अंगणातून हलेनात. त्यांना तुमच्या टेकडीच्या लढाईची गोष्ट हवी होती. आपला गणू म्हणाला, "आजी, तू सांग. तुला सगली पाट हाय." इतकी वर्षं मी ती दाराआडून ऐकली, काल तुमच्या जागी ओसरीवर बसून सांगितली. बरं वाटलं, काय सांगू!

तुम्ही दाखवायचात तसा पारसिकचा डोंगर दाखवला. म्हटलं, तिकडे सरहद्दीवर याच्याहून उभी टेकडी, वर गाव, गावाभोवती मातीची जाड भिंत आणि भिंतीआडून पठाणांच्या गोळ्या. आजोबांची, म्हणजे तुमची, पलटण चढली आणि मागे रेटली गेली. पुन्हा चढली, पुन्हा तेच. पखाली कोरड्या पडल्या होत्या. मग शिपायांनी फेटे सोडून एकाला एक बांधले. आजोबा भिंतीच्या खाचांत बोटं रोवून वर पोचले, फेट्यांचा दोर खाली सोडला, आणि तेवढ्यात आपल्याच तोफेने खिळखिळी झालेली भिंत त्यांच्यासकट आत कोसळली.

इथे तुम्ही थांबून मिशीवरून हात फिरवायचात. मला मिशी नाही, म्हणून मी पान लावलं.

पुढे तुम्ही सांगायचात, की आत पडूनही तुम्ही एकटे लढत राहिलात. खरं काय ते मला ठाऊक आहे. मोडका पाय ओढत तुम्ही एका घरातल्या कणगीआड शिरलात, आणि बाहेर मदतीला आलेली दुसरी पलटण गाव घेत होती तेव्हा तुम्ही जर्दाळू खात बसला होतात. त्या पलटणीच्या लोकांनी तुम्हाला शोधून काढलं, तेव्हा तोंड भरलेलं असल्याने नाव सांगता येईना. काळजी नको, पोरांना हे सांगितलं नाही.

पण जे तुम्ही कधी सांगितलं नाहीत, ते मात्र सांगितलं. तुमची लढाई एका दिवसात आटोपली हो, माझी वर्षभर चालली!

तुमचा पलटणीतला सोबती धोंडू रजेवर खडवलीला त्याच्या गावी निघाला, तो आधी आपल्याकडे आला. रडत म्हणाला, "वयनी, त्याच्यावर भिंत परताना मी सोता पायली."

मी विचारलं, "आणि त्यांना पाहिलंत?"

"नाय. आमाला मागं रेटला."

"मग भिंत पडली एवढंच सांगा. माणसाचं सांगू नका."

थोरले भावजी माझ्या बांगड्या फोडायला निघाले. मी हात पदराखाली घेतले आणि म्हटलं, मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, तोवर मी सवाष्ण. गावाने मला वेडी ठरवलं. हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. मी आपली रोज स्वतःच कुंकू लावून मिठागरावर जायचे. सासूबाई काही बोलत नसत. त्या गप्पपणाची मला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

एक दिवस मिठाची पाटी उचलताना उजव्या हातातल्या बांगड्या आपोआप फुटल्या. बाया कुजबुजल्या, देवानेच निकाल दिला म्हणून. मलाही तेव्हा ते खरं वाटलं, खोटं कशाला बोलू? शेजारीच मीठ ओढणाऱ्या सासूबाईंनी आपली पाटी खाली ठेवली, माझं मनगट धरलं आणि तशाच मिठाच्या पायांनी मला टेंभी नाक्याला कासाराकडे नेलं. कासार माझ्याकडे बघून चाचरला. त्या म्हणाल्या, "माजा पोर चाकरीव हाय. हिला हिरव्या भर. कोपरापरत भर."

अहो, तुमची आई अशी होती, आणि ती गेल्यावर तुम्ही तिला नुसती 'साधी बाई' म्हणायचात!

एक तक्रार मात्र अजून आहे. मोडक्या पायाने वर्षभर इस्पितळात पडून होतात, लिहिता येत होतं, मग एक ओळ का नाही टाकलीत? विचारलं की हसायचात, "घरात वाचणार कोण होतं?" पण परत आलात त्याच शिमग्यापासून चुलीतली राख पसरून मला अक्षरं शिकवायला बसलात. तीच आज गिरवते आहे.

आषाढात तुमचा हात माझ्या हातात थंड झाला. या वेळी सगळं माझ्या डोळ्यांदेखत होतं. मी कुणाशी भांडले नाही. बांगड्या माझ्या मीच उतरवल्या.

काल गोष्ट मी आणली ती तुम्ही काठी टेकत अंगणात आलात तिथपर्यंत. डोक्याला फेटा नाही, आणि मी ओरडले, "बोडक्या डोक्याने गावातून आलात?" पोरं पोट धरून हसली. मग गणूने विचारलं, "आनि मंग? पुरं काय झाला?"

वचन देते, दर दसऱ्याला ती टेकडी मी सर करीन, आणि पोरांनी कितीही विचारलं तरी गोष्ट तिथेच थांबवीन. तुम्ही अंगणात उभे आहात आणि मी हिरव्या बांगड्यांच्या हातांनी तुमच्या पायांवर पाणी घालते आहे. याच्यापुढचं मी कुणाला सांगणार नाही.

तुमचीच,
जानकी