तिसरी इच्छा

डाव्या पायाने प्लग भिंतीत दाबून धरला आहे आणि उजव्या गुडघ्यावर कागद ठेवून लिहितो आहे, त्यामुळे अक्षराला हसू नकोस. आत्या, साष्टांग नमस्कार (आठांपैकी एक अंग सध्या कामात आहे, सात पोचले असं समज). खोकला कमी झाला का? औषध घेतेस, की बाटली उशाशी ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? इकडे सगळं उत्तम आहे. हे रिवाजाचं वाक्य नव्हे. खरोखरच उत्तम आहे, आणि ते कसं हे सांगायलाच हे पत्र. तू फोन घेत नाहीस. फोनवर माणसं विचार न करता बोलतात हे तुझं मत मला पूर्वीही मान्य होतं, आजपासून जरा जास्त आहे.

प्लगचं आधी सांगतो. तुझा जुना कॉम्प्युटर, तू बनवलेल्या वाळवंटाच्या खेळासकट, आमच्या खेळ काढणाऱ्या ऑफिसात आणून मांडला. त्याच्या घड्याळाची बॅटरी केव्हाच मेली आहे, त्यामुळे वीज गेली की तो वेळ विसरतो आणि मध्यरात्र धरून चालतो. एरवी मी त्याला माफ केलं असतं. पण तुझा खेळ घड्याळावर चालतो. बाहेर दुपार तर तुझ्या वाळवंटात दुपार, बाहेर दिवेलागण तर तिथेही दिवेलागण. प्लग निसटला की तुझा बाजार थेट मध्यरात्रीत जातो आणि मग रस्त्यावर फक्त कुत्री. आता प्लगचे पाय बारीक आणि भिंतीतली भोकं मोठी, म्हणून माझा पाय मधे पडला. आमचा आवाजवाला चिकटपट्टी आणायला गेला आहे. त्याला आम्ही भोंगा म्हणतो, कारण तो कायम कुजबुजतो.

मी टेबलाखाली का, हेही सांगायला हवं. उद्या सकाळी आमचे मालक निकाल देणार आहेत. माणूस सज्जन, पण नावीन्याचा ध्यास फार. येता-जाता म्हणतात, काहीतरी नवीन द्या. नवीन दिलं की विचारतात, हे आधी कुठे चाललं आहे का? (म्हणजे चपला नव्या हव्यात, पण पायाला सवय झालेल्या.) तुझा खेळ नव्याने काढायचा हे त्यांनी ठरवलं आहे. प्रश्न एवढाच की तुझा काढायचा, की तुझं नाव मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात छापून दुसराच काढायचा. तो दुसरा आमच्या चित्रकार बाईंकडे तयार आहे.

बाईंबद्दल माझ्या मनात आदर आहे, हात फार चांगला आहे त्यांचा. पण वाळवंट म्हटलं की त्यांना आवरत नाही. टोकदार जोडे, वाकड्या तलवारी, टोपलीतून डोकं काढणारे नाग, उडते गालिचे आणि प्रत्येक खिडकीत एक चंद्र. मी म्हटलं, बाई, खिडक्या चार दिशांना आहेत. त्या म्हणाल्या, "लोकांना वाळवंट हवं असतं, भूगोल नको." मी म्हटलं, माझी आत्या अशा देशात सात वर्षं पाणीखात्याच्या कचेरीत नोकरीला होती, तिने तिथे एकही उडता गालिचा पाहिला नाही. त्यावर बाईंनी अगदी सहानुभूतीने विचारलं, "मग सात वर्षं केलं काय त्यांनी?"

काय केलंस ते त्यांना दाखवावं म्हणून तर मी हट्टाला पेटलो. त्या काळात अशा खेळात माणूस एक पात्र घ्यायचा, त्याच्या हातात तलवार द्यायचा आणि भेटेल त्याला कापत राजवाड्यापर्यंत जायचा. तुझ्या खेळात तलवार नव्हती (धाकट्या काकांचं प्रकरण पुढे येतंय). तुझा प्रवासी लोकांशी बोलायचा, घासाघीस करायचा, उन्हं तापली की सावली बघून बसायचा. दुकानदार त्याला ओळखायचे. काल उद्धटपणे बोललेलं त्यांना आज आठवायचं. हे सगळं तू इतक्या थोड्या जागेत बसवलंस, की वाळू म्हणजे ठिपके, उंट म्हणजे जरा मोठे ठिपके, आणि सावकार उंटापेक्षा वेगळा दिसावा म्हणून त्याला टोपी.

मालकांना दाखवायला बसलो ती वेळ दुपारची निघाली. दोरखंड विकणारा दुकानात आडवा. मालकांनी विचारलं, बिघडलं का? मी म्हटलं, झोपलाय, ऊन कललं की उठेल. मालक म्हणाले, उठवा. उठवता येत नाही, म्हटलं. मालक खुर्ची ओढून बसले, हाताची घडी घातली, आणि थोड्या वेळात दुकानदार पडद्यावर आणि मालक खुर्चीत, दोघेही एका लयीत घोरू लागले. (भोंग्याने ते रेकॉर्ड करून ठेवलं आहे. उपयोगी पडेल म्हणतो.) आधी दुकानदार उठला. मी मालकांच्या देखत घासाघीस केली. तुझा नियम असा, की गिऱ्हाईक उठून निघालं तर भाव उतरतो. मी उठून निघालो. भाव उतरला. मला त्या माणसाची दया आली म्हणून परत आलो, तर भाव चढला. असं आमचं दोघांचं बराच वेळ चाललं आणि शेवटी दोरखंड घेऊन माझा उंट त्याच्याकडे राहिला. मालक म्हणाले, "हा दुकानदार तुमच्या आत्यांचा कोण?" पण ते हसत होते. मी सांगतो आत्या, माणूस निम्मा आपल्या बाजूला आला आहे.

उरलेला निम्मा भिंतीपाशी अडला आहे. तिसरं वाळवंट संपतं तिथली तुझी ती लांबच लांब भिंत, तिच्यापलीकडचं शहर, आणि भिंतीला पाठ लावून उभा असलेला जिन. (बाबा अजून त्याला दिव्यातला राक्षस म्हणतात आणि त्याच्याविषयी कडवटपणे बोलतात.) मालकांचं म्हणणं, ते शहर आजवर कुणी पाहिलेलं नाही, मग ते आहे कशावरून? ते उद्या सकाळी दाखवा, खेळ जसाच्या तसा काढतो आणि आत्यांचं नाव पुढे, मोठ्या अक्षरात. नाही दाखवलंत तर बाईंचे नाग.

आणि त्यांचं चुकतं असंही नाही. जिन तीन इच्छा पुऱ्या करतो, पुरी केलेली इच्छा डिस्कवरच लिहून ठेवतो, आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून मांडला तरी विसरत नाही. ही तुझी युक्ती तेव्हा कुणाच्याच डोक्यात आली नव्हती, आणि म्हणूनच खेळ खपला नाही. लोकांनी भराभर मागून टाकलं आणि मग दुकानात जाऊन भांडले. जगात न मागितलेली एकच इच्छा शिल्लक, ती तू कपाटात रुमालात बांधून ठेवलेल्या डिस्कवर. पहिली बाबांनी खर्च केली. सोनं मागितलं. जिनाने इतकं दिलं की त्यांचा उंट खाली बसला तो आजतागायत उठलेला नाही. (माझा उंट दोरखंडवाल्याकडे राहिलेला, म्हणून भिंतीपर्यंत मला पायी जावं लागलं. त्या बसलेल्या उंटाजवळून जाताना बाबांच्या वतीने मान खाली घातली.) दुसरी धाकट्या काकांनी. तलवार मागितली. मिळाली. मारायला कुणीच नाही म्हणून तिने कलिंगड कापलं आणि अजून सांगत फिरतात, काय धार होती. तिसरी तू कुणाला मागू दिली नाहीस. शहर कसं दिसेल म्हणून विचारलं की तू एकच उत्तर द्यायचीस, "जिनाशी माणसासारखं बोला, दिसेल."

तर सांगायचं म्हणजे, आज संध्याकाळी मी भिंतीपाशी पोचलो. जिन भेटला. बोलणं झालं. तुझ्या वाळवंटातही तेव्हा अंधारून येत होतं, त्यामुळे पुढचं नीट दिसलं नाही. सकाळपर्यंत कॉम्प्युटर चालू राहायला हवा, म्हणून मी आणि माझा पाय इथेच मुक्काम करणार. काळजीचं काही कारण नाही. तुझा भाचा ज्या कामात पाय घालतो ते तडीला नेतो, आणि या वेळी पाय अक्षरशः घातला आहे. खोकल्याला जप.

तुझा,
टेबलाखालचा भाचा

ता. क. एक बारीकशी चौकशी. अशी दुसरी डिस्क तुझ्या कपाटात, ट्रंकेत, गादीखाली किंवा कुणा जुन्या सहकाऱ्याकडे आहे का? सहज विचारतो.

ता. क. दुसरा. सहज विचारत नाही. आत्या, बोलणं झालं ते असं. बाईंना भिंतीचा नमुना हवा होता. मी पडद्याचा फोटो काढायला मोबाइल धरला, तर जिन बरोबर मधे. एवढा थोरला देह, आणि हलायचं नाव नाही. वर दर दोन मिनिटांनी तेच, काय हवं, काय हवं. घरात टीव्हीसमोर कुणी येऊन उभं राहिलं की आपण म्हणतो ना, तसं माझ्या बोटांनी लिहून टाकलं, जरा बाजूला हो रे. त्याने लवून नमस्कार केला, दोन पावलं बाजूला झाला आणि खाली लिहून आलं, तिसरी इच्छा पुरी झाली. त्यानंतर काळोख पडला आणि पडद्यावर काही दिसेना.

मालकांना सांगितलेलं नाही. बाई माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी नुसती एक खुर्ची माझ्याकडे सरकवली. टोमण्यापेक्षा ते जास्त लागलं. बाबा आणि काका निदान सोनं आणि तलवार मागून गेले. मी जगातली शेवटची इच्छा फोटोत अडथळा नको म्हणून घालवली. तेव्हा खरी विनंती ही. पत्र पोचेपर्यंत मालकांना मी कसंबसं थोपवून धरतो, तू खोकला बाजूला ठेवून, मिळेल त्या गाडीने ये. तू स्वतः मालकांसमोर बसलीस आणि शहर आहे असं तोंडाने सांगितलंस तर ते ऐकतील. माझ्यासाठी नको येऊस. तुझं नाव नागांच्या मागे जायला नको, म्हणून ये.

ता. क. तिसरा, सकाळी. पत्र टाकलेलं नव्हतं म्हणून त्यातच लिहितो. चिकटपट्टीने रात्रभर प्लग धरला. मालक उजाडायच्या आतच आले. मी सगळं सांगणार होतो, पण तोवर तुझ्या वाळवंटात उजाडलं. जिन अजून बाजूलाच उभा होता. तो इतकी वर्षं जिथे पाठ लावून उभा होता, त्या जागी भिंतीत एक दार होतं. साधं, लहान, तुझ्या पाणीखात्याच्या कचेरीला असेल तसं. कुलूप नव्हतं. मी प्रवाशाला आत नेलं. आत एक बाई टेबलाशी बसली होती, तिच्या मागच्या खिडकीतून शहर दिसत होतं, छपरं, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, आणि चंद्र एकही नाही. बाईने वर पाहिलं आणि खाली लिहून आलं, आलास का, दार लावून घे, वाळू येते आत.

चित्रकार बाई पुढे झाल्या आणि पडद्याला नाक लावून टाक्या बघू लागल्या. मालकांनी चष्मा पुसला. भोंगा उठला आणि त्याने ऑफिसचं दार लावलं.