त्याच कॅमेऱ्यावर चालणारी टेप

मुलुंड, रविवार

प्रिय सुयोग,

एवढं लिहून उठले. गॅलरीतले कपडे आत आणले, घड्या घातल्या, पुन्हा बसले. चौदा वर्षांत आपण एकमेकांना फक्त मेसेज केले. इरावतीची शाळा किती वाजता सुटेल, ताप उतरला का, बारावीचा फॉर्म कुणी भरायचा, एवढंच. हे मेसेजमध्ये मावणारं नाही आणि फोनवर मला बोलता येणार नाही. मी मध्येच भांडायला लागेन, माहीत आहे तुला. इरावती तीन आठवडे तुझा फोन का उचलत नाही, याचा तू नक्की विचार करत असशील. येते त्यावर. पण सुरुवातीपासून सांगू दे, नाहीतर मी माझ्या सोयीचं तेवढंच सांगेन.

आपली बिल्डिंग पाडणार आहेत. 'आपली' म्हणायची सवय जात नाही बघ. दिवाळीपर्यंत घर रिकामं करायचं आहे, म्हणून माळ्यावरचं सामान खाली काढलं. डिनर सेटच्या खोक्याखाली साडीच्या दुकानाच्या पिशवीत तुझ्या त्या छोट्या टेप्स सापडल्या. अकरा. प्रत्येकीवर तुझं तिरकं अक्षर. 'इराचं बोरन्हाण'. 'मालवण, मे महिना'. 'इरा चालली'. एकीवर काहीच नाही, नुसतं 'एलपी'. मला वाटलं, कुठलीतरी गाणी भरली असशील. इरावती एवढी नाचली! तिला तिच्या आजोबांचा, माझ्या बाबांचा, चेहरा फक्त भिंतीवरच्या फोटोतून माहीत, आवाज अजिबात आठवत नाही. म्हणाली, आई, हे आजच कॉम्प्युटरवर घेऊया, आणि चांगल्या क्वालिटीत हं.

आजच कसलं! स्टेशनजवळच्या दुकानात एक टेप दिली, चार दिवसांनी पेन ड्राइव्ह मिळाला. लावला तर बाबांचं तोंड आडवं पसरलेलं, इरा इडलीसारखी, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर कुणीतरी ओला बोळा फिरवल्यासारखं. मी तिथल्या माणसाशी भांडले. तो म्हणाला, जुनी टेप आहे मॅडम, एवढंच येणार. मला पटलं नाही. मग खालच्या मजल्यावरच्या जयंतीकाकूंनी पाच रस्त्याजवळच्या चंद्रप्रकाशचं नाव सांगितलं. लग्नाचं शूटिंग करायचा तो, आता साठीचा आहे. स्टुडिओ जवळजवळ बंद, पण एक जुनाट कॉम्प्युटर त्याने याच कामासाठी जपून ठेवलाय. त्याने पेन ड्राइव्ह बघितला आणि कपाळावर हात मारला. "मॅडम, याने लाल-पिवळ्या वायरीतून काढलंय, वाट लागली. या टेपवर चित्र आधीच आकड्यांत लिहिलेलं असतं. ते आकडे जसेच्या तसे उचलायचे. त्याची केबल वेगळी, आणि ती लावायची जागा आता नव्या लॅपटॉपला नसते." शिवाय घाई चालत नाही. तासाच्या टेपला तासच लागतो. टेप चालेल तशी आत उतरते.

तर मी, जी चहा उकळेपर्यंत एका जागी उभी राहत नाही, ती बँकेतून सुटले की रोज त्याच्या स्टुलावर तास-तास बसायला लागले. नुसतं बसायचं आणि बघायचं. काय सुरेख दिसत होतं, सुयोग! बाबांच्या बनियनचं भोक दिसत होतं. तू मात्र कुठेच नाहीस. आधी मला त्याचंही समाधान वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, बघा, हा कधी नसायचाच. तिसऱ्या टेपला लक्षात आलं की प्रत्येक ठिकाणी तुझाच आवाज सगळ्यात जवळून येतोय. "इरू, इकडे बघ." "दीप्ती, पदर सांभाळ, समई आहे मागे." दहा टेप्स अशा झाल्या. अकरावी ती 'एलपी'.

ती लावली आणि पडद्यावर चौकोनच चौकोन. आवाज येई, तुटे, पुन्हा येई. पण चंद्रप्रकाशच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक दृश्याची तारीख दिसते, कॅमेऱ्याने तेव्हाच नोंदवलेली. कोपऱ्यात आलं : एकवीस ऑगस्ट दोन हजार आठ, दुपारी तीन वाजून सात मिनिटं.

बाबा गेले तो दिवस. पाच वाजून दहा मिनिटांनी गेले.

तू कॅमेरा टीव्हीच्या कपाटावर ठेवला असशील आणि तो चालूच राहिला. अर्धी भिंत, पडदा, आणि दिवाणावर इराचे पाय. बाकी नुसते आवाज. बाबा कण्हत होते. तू म्हणालास, "बाबा, घाम आलाय तुम्हाला." मग खरखर. मग बाबा, स्पष्ट : "दीप्तीक फोन..." पुन्हा तुटलं. आणि मग, "...करा."

मी चंद्रप्रकाशला तीनदा मागे न्यायला लावलं. तिन्ही वेळा तेच. दीप्तीक फोन करा.

तुला आठवत असेल, मी तुला एकच प्रश्न विचारला होता. स्मशानातून आलास तेव्हा, तेराव्याला, आणि नंतर दोन वर्षं प्रत्येक भांडणात. मला फोन का नाही केलास? नरिमन पॉइंटला मी इंटरव्ह्यूसाठी बसले होते. माझा नंबर साडेतीनला लागला. त्याआधी कळतं तर मी निघाले असते, निदान शेवटचं भेटले असते. आणि तू दर वेळी तेवढंच म्हणालास, "सुचलं नाही." डॉक्टरांना आणायला धावलास, इराला कडेवर घेऊन, ते शेजारच्यांनी पाहिलं होतं. ते मी मान्यही केलं. पण "सुचलं नाही" हे मला कधीच गिळता आलं नाही. आपलं लग्न त्या दोन शब्दांवर मोडलं. बाकीची कारणं आपण वकिलासाठी गोळा केली.

आणि आता टेप सांगत होती की सुचायचा प्रश्नच नव्हता. बाबांनी सांगितलं होतं, आणि तू केला नाहीस. मी घरी आले ती पेटलेलीच. मोबाइलवर तो तुकडा घेऊन आले होते. इरावती जेवत होती, तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, ऐक, तुझा आजोबा मरताना लेकीला बोलवा म्हणून सांगतोय आणि तुझा बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करतोय. तिने दोनदा ऐकलं. ताट तसंच ठेवून उठली. त्या दिवसापासून तिने तुझा फोन उचललेला नाही. तिने तो मनाने बंद केला नव्हता, सुयोग. मी करायला लावला.

तेव्हा मला वाटलं होतं, आता मी शांत होईन. सतरा वर्षांनी पुरावा मिळाला. पण झालं उलटंच. बँकेत सही करताना हात थांबायचा. भाजी चिरताना ती मधली खरखर ऐकू यायची. 'फोन' आणि 'करा' यांच्यामध्ये जवळजवळ सहा सेकंद जातात. एवढं छोटं वाक्य बोलायला बाबा सहा सेकंद घेतील? दम लागला असेल, मी स्वतःलाच समजवायची. मग पुन्हा मोजायची. शेवटी चंद्रप्रकाशकडे गेले. त्याने टेप हातात घेऊन त्यावरचं अक्षर वाचलं आणि म्हणाला, "एलपी म्हणजे तासाच्या टेपवर दीड तास भरलाय. रेघा एकदम बारीक पडतात. माझा कॅमेरा त्या नीट पकडत नाही. ज्या कॅमेऱ्याने शूट केलं तोच आणा, तो आपल्या रेघा ओळखतो. टेप खराब नाही मॅडम, सगळं आहे तिच्यात."

कॅमेरा क्षमाताईकडे आहे, हे इरावतीकडून कधीतरी ऐकलं होतं. तुझ्या बहिणीच्या घरी मी कुठल्या तोंडाने जाणार होते? तरी गेले, गेल्या शनिवारी, गोरेगावला. तिने दार उघडलं, मला बघून म्हणाली, "ये गं, उभी काय राहिलीस." कॅमेरा मागितला तर आत जाऊन तिने तुला फोन केला. बाहेर येऊन पिशवी माझ्या हातात दिली. चार्जर, केबल, हेड साफ करायची कॅसेटसुद्धा. "दादा म्हणाला, देऊन टाक. कशाला हवाय ते विचारू नकोस म्हणाला." तुला कळलं होतं का रे, मी काय शोधतेय? मला वाटतं, कळलं होतं. तरी दिलास.

काल दुपारी चंद्रप्रकाशने कॅमेऱ्याचं हेड साफ केलं, टेप एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन मागे आणली आणि तुझ्या कॅमेऱ्यात लावली. चौकोन गेले. खिडकीच्या पडद्यावरचं नक्षीकाम दिसलं. आणि बाबा, जसे होते तसे, आपल्या मालवणीत, थांबत थांबत : "दीप्तीक फोन करू नकात. पोरीचो इंटरव्ह्यू होऊंदे आधी. मगे करा."

तू म्हणालास, "बाबा, ती मला माफ करणार नाही." बाबा म्हणाले, "माझी शपथ आसा तुमका. आणि मी नको म्हटलंय, ह्या तिका कधी सांगू नकात. जन्मभर इंटरव्ह्यूक शिव्या देत बसात." मग तू डॉक्टरांना फोन लावतोयस, लागत नाहीये. इरा रडतेय. तू म्हणतोस, "मी डॉक्टरांना घेऊन येतो, पाच मिनिटांत, पडून राहा." दार लागलं. मग पंख्याचा आवाज. चंद्रप्रकाश कधी उठून बाहेर गेला, मला कळलंही नाही.

त्या इंटरव्ह्यूत मी पास झाले, सुयोग. त्या बढतीवर माझं पुढचं सगळं उभं आहे. ते मला कडू लागू नये म्हणून बाबांनी तुला शपथ घातली आणि तू बावळट ठरायला तयार झालास. काल तिथे बसून मी रडले, हे खरं. पण तुझा रागही आला, तोही लिहिते. शपथ बाबांची होती, पण संसार आपला मोडत होता. कोर्टात उभे होतो तेव्हा तरी बोलायचं होतंस. मला सोसणार नाही हे तुम्ही दोघांनी परस्पर ठरवून टाकलंत. मी इतकी कच्ची नव्हते रे. किंवा असेन. आता कळायला मार्ग नाही.

आज सकाळी इरावतीला समोर बसवून ती फाइल ऐकवली, पूर्ण. आजोबांचा आवाज तिने पहिल्यांदा असा ऐकला. मग एवढंच म्हणाली, "आई, मी तीन आठवडे त्याचा फोन कट करतेय." आणि आत जाऊन बॅग भरायला लागली. रागावली आहे माझ्यावर, आणि मी तिला अडवलेलं नाही. संध्याकाळी ती चेंबूरला तुझ्या दारात उभी राहील, काही दिवस राहायचं म्हणतेय, कदाचित जास्तही. हे पत्र तिच्याच हाती देतेय, म्हणून घाईघाईत लिहिलं. ती माफी मागेल, मागू देऊ नकोस. चूक तिची नाही, ती माझ्या शब्दावर चालली. तुझी माफी मी मागते, इथे, लेखी. आणि ती तुला सतरा वर्षांचं सगळं विचारेल. मी काय काय बोलले, तू कुठे कुठे गप्प बसलास, सगळं. तेव्हा नेहमीसारखा 'सुचलं नाही' म्हणू नकोस. खरं सांग तिला, मी त्यात कशीही दिसले तरी. मला सांभाळून घेऊ नकोस.

इरावतीची आई, आणि या पत्रापुरती तुझीच,
दीप्ती