आबांची अक्षरं

आबा,

तुमचा हात कोणत्या वर्षी थरथरायला लागला ते मला नक्की सांगता येणार नाही, पण ती थरथर पहिल्यांदा दिसली ती पाटी आठवते. सातपूरच्या एका पिठाच्या गिरणीची होती. पिवळा पत्रा, लाल अक्षरं, त्यांना काळी सावली. असल्या पाट्या तुम्ही पंचवीस वर्षं रंगवत आला होता. मी छपाईच्या प्रेसमधलं काम आटोपून घरी जाताना तिथं थांबले, तर तुम्ही शिडीवर उभे होता आणि 'गिरणी'च्या शेवटच्या वेलांटीकडे नुसते बघत होता. वेलांटीची कड करवतीसारखी झाली होती. गिरणीवाला आत दळणाच्या गडबडीत होता, त्यानं वर पाहिलंही नव्हतं, आणि पाहिलं असतं तरी त्याला ती कड दिसली नसती. तुम्ही रॉकेलच्या बोळ्यानं सगळी ओली अक्षरं पुसून काढलीत, शिडी खांद्यावर घेतलीत आणि त्याला सांगितलंत की उद्या दुसरा पेंटर पाठवतो. वाटेत मी विचारलं, काय झालं. तुम्ही शिडी दुसऱ्या खांद्यावर घेतलीत. घरी आल्यावर ब्रश धुतलेत, फडक्यात गुंडाळलेत आणि माळ्यावर ठेवून दिलेत.

मला त्याआधीचा तुमचा हात ठाऊक होता. नव्वदच्या आसपास, मी चौथी-पाचवीत असताना, सुट्टीत तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून कारखान्यांत न्यायचात. त्यातली एक भिंत मला अजून दिसते. तुम्ही चुन्यात बुडवलेली दोरी ताणून धरता, मी ती मधोमध चिमटीत ओढून सोडते, आणि भिंतीवर पांढरी सरळ रेघ उमटते. त्या रेघेखाली तुम्ही 'धोका' लिहिता, नुसती बाह्यरेषा, एका दमात, श्वास धरून. मग 'का' भरायला माझ्या हातात ब्रश देता. माझा रंग रेघेबाहेर जातो. मी घाबरते आणि कुणाला कळू नये म्हणून सगळं अक्षरच जाड करून टाकते. तुम्ही मागं येऊन उभे राहता. "चूक जाड केल्यानं लपत नाय," तुम्ही म्हणता, "जाडच दिसती." आणि मला ते अक्षर पुसून पुन्हा भरायला लावता, तीन वेळा. मी रडतरडत भरलं. परतताना तुम्ही उसाचा रस पाजलात, पण अक्षराबद्दल चांगला शब्द काही काढला नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार बरा होत नाही, गोळ्यांनी नुसता आवरता येतो. आई तुम्हाला चहाचा कप अर्धाच भरून द्यायला लागली, आणि त्यावर कुणी काही बोलायचं नाही हे घरात न ठरवता ठरलं. तुम्ही निफाडकडच्या शेतकऱ्याच्या घरातून येऊन पेंटर झालेले, बसून राहायची सवय नसलेले. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचात आणि उजवा हात मांडीखाली दाबून ठेवायचात. तेव्हा मी प्रेसमध्ये संगणकावर लग्नपत्रिका जुळवायचे. दिवसभर काम, आणि रविवारी सकाळी कॉलेज रोडच्या एका संगणक क्लासमध्ये आमचा तिघांचा उद्योग. त्याबद्दल मी तुम्हाला तेव्हा फारसं सांगितलं नव्हतं.

तिघं म्हणजे मी, एका फोटो स्टुडिओत जुने फोटो दुरुस्त करणारा एक जण, आणि महापालिकेच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. आम्हाला संगणकावर चित्रं काढायची होती आणि शिकवणारं कुणीच नव्हतं. स्टुडिओवाल्यानं कुठूनतरी एक जुनी पेनची पाटी मिळवली होती. काळी, वहीएवढी. तिच्यावर पेन फिरवला की पडद्यावर रेघ उमटायची. उमटायला हवी होती, असं म्हणू. पहिले तीन रविवार पेन कितीही दाबा, रेघ एकाच जाडीची. बाईंना वाटलं पेन बिघडलाय, स्टुडिओवाल्याला वाटलं पाटी, मला वाटलं आपल्यालाच जमत नाही. शेवटी सायबर कॅफेतून एक इंग्रजी पान छापून आणलं आणि शब्दकोश घेऊन बसलो, तेव्हा कळलं की वायर जोडायच्या आधी तिचा प्रोग्रॅम टाकायचा असतो; आम्ही उलटं करत होतो. त्या दिवशी बाईंनी पेन हलकेच टेकवून मग दाबला आणि पडद्यावर बारीक रेघ हळूहळू जाड होत गेली. आम्ही तिघं खुर्च्या सोडून उभे राहिलो होतो.

चित्र काढायचं सॉफ्टवेअर जपानी होतं. आमच्या संगणकावर त्यातली अक्षरंच दिसायची नाहीत. जिथं नाव हवं तिथं नुसते चौकोन. मग बाईंनी एक दोनशे पानी वही केली. तिसरा चौकोन दाबला की ब्रश ओला होतो, पाचवा दाबला की सगळं उलटं दिसतं, असं एकेक करून बघायचं आणि लिहून ठेवायचं. वरच्या बाजूला एका चौकोनाशेजारी एक सरकपट्टी होती. ती वाढवली की रेघ पेनामागून जरा उशिरा यायची, पण गुळगुळीत यायची. बाईंनी वहीत लिहिलं, 'घाई करू देत नाही.' कशासाठी आहे ते आम्हाला कळलं नव्हतं.

एकदा मी प्रेसच्या संगणकावर तुम्हाला चूक कशी मागं घेता येते ते दाखवलं. रेघ मारली, बटण दाबलं, रेघ गेली. तुम्ही म्हणालात, बटणानं पुसता आलं की हात शिकत नाही, आणि बाहेर जाऊन उभे राहिलात. मला राग आला होता. तरीही जेव्हा आम्ही देवनागरी अक्षर ब्रशनं काढायला घेतलं आणि तिघांचंही अक्षर मेलेल्या गांडुळासारखं पडायला लागलं, तेव्हा बाई म्हणाल्या, तुझ्या वडिलांना आण. मी म्हटलं, ते येणार नाहीत. बाई स्वतः घरी आल्या. "आबा, हातानं काही करू नका," त्या म्हणाल्या, "नुसतं आमचं चुकतं कुठं ते सांगा." या एका वाक्यावर तुम्ही चपला घातल्यात.

तुम्ही स्टुडिओवाल्याच्या मागं उभे राहिलात, उजवा हात पँटच्या खिशात. उभी रेघ खाली उतरताना दाब कुठं सोडायचा, पोटाला गोलाई कुठून द्यायची, हे तोंडानं सांगत राहिलात. त्याला जमेना. तासाभरानं बाईंनी पेन तुमच्यापुढं धरला. तुम्ही तो घेतलात, कदाचित रागानंच, आणि रेघ मारलीत. तीच करवत. मी पुढं होऊन पेन काढून घेणार, तेवढ्यात स्टुडिओवाला वाकला आणि त्यानं ती वरची सरकपट्टी शेवटपर्यंत नेली. "आता मारा," तो म्हणाला.

रेघ उशिरा आली. तुमचा हात हलत होता आणि पडद्यावर काचेसारखी रेघ उतरत होती. तुम्ही 'क' पूर्ण केलात. बाईंचे डोळे भरले, माझेही. तुमचे नाही. तुम्ही मान तिरपी करून त्या अक्षराकडे बघत राहिलात, गिरणीच्या पाटीकडे बघत होता तसेच.

"ही रेघ माझी नाय," तुम्ही म्हणालात. "कमी कर."

त्यानं पट्टी थोडी मागं घेतली. अजून, म्हणालात. अजून. मध्याच्याही खाली आल्यावर तुम्ही पुन्हा 'क' काढलात. कडेला बारीकशी थरथर राहिली होती, पण अक्षर उभं होतं. "हां. आता हाय आपलं."

त्यानंतर तुम्ही दर रविवारी आमच्याआधी तयार असायचात. पाटी टेबलावर आडवी ठेवायला तुमचा विरोध होता. भिंतीवर लिहिणारा माणूस आडवा लिहील कसा. म्हणून आम्ही ती खुर्चीच्या पाठीला दोरीनं बांधली. तुम्ही माळ्यावरून हात टेकवायची काठी काढून आणलीत आणि मनगट न हलवता खांद्यातून रेघ ओढायला लागलात. थरथर निम्मी झाली. जे आम्हाला चौकोन दाबून सापडलं नव्हतं ते तुम्हाला काठीनं सापडलं, आणि बाईंनी तेही वहीत लिहून ठेवलं. मग त्यांनीच सुचवलं की शाळेतल्या मुलांना गिरवायला ब्रशच्या अक्षरांचा मोठा तक्ता हवा, 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत. रविवारी एक अक्षर. जमलं नाही तर तेच पुढच्या रविवारी. चूक मागं घ्यायचं बटण तुम्ही शेवटपर्यंत वापरलं नाहीत. सगळं अक्षर पुसून नव्यानं काढायचात. वर्ष उलटून गेलं. आई सांगायची की शनिवारी तुम्हाला भूक चांगली लागते.

'ज्ञ' झाला त्यानंतर पंधरा दिवसांत तुम्ही घरात पडलात. हाड मोडलं नाही, पण हात आणखी कडक झाला, बोटांत पेन धरता येईना. त्याच सुमारास एका दुपारी क्लासमधली लाईट गेली, आली, पुन्हा गेली, आणि आमचा संगणक सुरूच झाला नाही. मी महिन्या-दोन महिन्यांनी अक्षरं सीडीवर उतरवून ठेवायचे. शेवटची सात उतरवलीच नव्हती. श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ. स्टुडिओवाला त्यातली डिस्क काढून घेऊन दोन ठिकाणी फिरला, काही निघालं नाही. इकडे तुम्ही खाटेवरून विचारत होता, तक्ता छापला का. मी म्हटलं, छापायला दिलाय.

स्टुडिओवाल्याचं म्हणणं होतं, खरं सांगून टाक, 'व'पर्यंतचाच तक्ता लावू. बाई वही चाळत होत्या. मग म्हणाल्या, "तू काढ. त्यांच्याखालोखाल हात तुझाच बसलाय." मी क्लासमधल्या दुसऱ्या संगणकापुढं पाटी खुर्चीला बांधली, तुमची काठी घेतली, सरकपट्टी तुमच्याच खुणेवर ठेवली. चार रविवार लागले. फक्त एक केलं नाही, तुमच्या थरथरीची नक्कल केली नाही. ते करायला मन धजलं नाही.

तक्ता शाळेत लागला तेव्हा आम्ही तुम्हाला रिक्षानं नेलं. वर्गातली मुलं उठून उभी राहिली, तुम्ही डाव्या हातानं त्यांना बसवलंत. मग स्टुडिओवाल्याच्या आधारानं एकेका ओळीपुढून सरकत गेलात. मी दाराशी उभी, श्वास धरून. शेवटच्या ओळीत तुम्ही थांबलात. 'ळ'पुढं. बराच वेळ. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "ह्यो लय झ्याक बसलाय. त्या दिशी हात हलला नसंल."

मी हो म्हटलं. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. तो तक्ता बरीच वर्षं त्या भिंतीवर होता. त्यावरून गिरवलेली दोन मुलं आता माझ्याकडेच संगणकावर अक्षरं काढायच्या कामाला आहेत, आणि सरकपट्टी कुठपर्यंत न्यायची यावर माझ्याशी वाद घालतात. तुम्ही अक्षर ओळखलं होतं का, हा प्रश्न मी बाईंनाही विचारलेला नाही. हे कागद कुठं पाठवायचे नाहीत म्हणून लिहायला धीर झाला.

तो 'ळ' मी काढला होता, आबा. आणि तुम्ही त्याला चांगलं म्हणालात याचा मला त्या वेळी जो आनंद झाला, त्यात तुमच्याशी खोटं बोलल्याचं वाईट वाटायचं राहूनच गेलं.