तळाची खूण

कळंब, दि. १२ फेब्रुवारी २०२५

चि. योगीराज यास आशीर्वाद.

घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा दुखतो, पण ती बसत नाही. मागच्या रविवारी सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला जाऊन आलो. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मला राग आवरत नाही, म्हणून लिहितो.

पुण्याच्या नव्या दुकानाच्या पुस्तिकेसाठी तू आपल्या कारखान्याचा इतिहास मागितलास. वर म्हणालास, घरातलीच नावं घाल.

घरातली नावं दोनच, आबा आणि मी. तू रंधा धरलाच नाहीस. ज्या जुन्या कोरीव खुर्च्या तू घराघरांतून विकत घेऊन 'आबांची कारागिरी' म्हणून मांडतोस, त्या दगडोबाकाकांच्या हातच्या. तुला हे माहीत आहे. आबांनी त्यांना भीमनगरातून बोलावून स्वतःशेजारी कामाला बसवलं, तेव्हा चांगली गिऱ्हाइकं तुटली. आबा एवढंच म्हणाले, "ज्याच्या हातची वस्तू, त्याची खूण." तेव्हापासून आपल्याकडं करणाऱ्यानं तळाला आपली खूण कोरायची. आबांचं त्रिशूळ. काकांच्या दोन आडव्या रेघा, वर टिंब. ती खूण आपल्या दुकानात तुला का खुपते, ते मला कळतं. ते मला लिहायला लावू नकोस.

खुर्च्यांचे तळ साफ करून ठेव, आबांच्या नावाची पितळी पट्टी मी लावतो, असं तू दिवाळीत म्हणालास. मी 'का?' एवढंसुद्धा विचारलं नाही. ज्या माणसानं मला पटाशी धरायला शिकवलं, त्याची खूण मी माझ्या हातानं रंधून काढली. अकरा खुर्च्या.

गेल्या गुरुवारी काकांची नंदा कारखान्यात आली. काकांच्या हातची एकही वस्तू तिच्या घरात नाही, म्हणून निदान खुणेचा फोटो घ्यावा, एवढंच तिचं म्हणणं. तिनं खुर्ची पालथी केली आणि बोट फिरवलं.

"दादा, इथं रंधा कशाला मारला?"

मी म्हणालो, वाळवी लागली होती.

"बाबाच्या भुशात खेळून वाढले मी. वाळवी मला कळती."

अजून काही बोलली असती तर बरं झालं असतं. गाडीला किक मारून निघून गेली.

सोनारीला देवापुढं उभा राहिलो, पण काही मागायला तोंड नव्हतं. परत येताना तसाच नंदाच्या दारात गेलो आणि पुस्तिकेसकट सगळं खरं सांगितलं. बारावी खुर्ची अजून तशीच आहे, ती घेऊन जा म्हणालो. तिनं चहा दिला. मग म्हणाली, "एक खुर्ची घेऊन काय करू? पुस्तकात काय लिहिणार, ते सांगा."

तुझ्यावरचा राग मी दोन दिवस पोसला. तिसऱ्या दिवशी कळलं, त्यातला निम्मा माझाच आहे. पण निम्मा तुझाही आहे, तो मी माफ करत नाही.

इतिहास सोबत जोडला आहे. पहिल्या पानावर आबा आणि दगडोबाकाका, दोघं एका ओळीत. काकांच्या खुणा कुणी रंधून काढल्या आणि कुणाच्या सांगण्यावरून, हेही लिहिलं आहे. शब्द न बदलता छाप. नाही छापलास तर पुण्याला माझ्या हातचं एक फळकूटही यायचं नाही, आणि उद्घाटनाच्या दिवशी हेच पान मी तुझ्या दारात उभा राहून मोठ्यानं वाचेन. नंदाला सोबत येतेस का, विचारलं आहे. ती हो म्हणाली.

अकरा खुर्च्या रंधणारा,
तुझा दादा,
बलभीम