न उठलेल्या बाईचा सत्कार

अमरावती,
८ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सुगतचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तू अकोल्याला सुखरूप पोचल्याचं किसनरावांकडून कळलं. माझा फोन तू घेतेस, बरं आहे म्हणतेस आणि लगेच नवऱ्याच्या हाती देतेस. म्हणून शेवटी कागद काढला. आपल्या घरात अवघड गोष्ट कागदावरच बोलायची, ही आपल्या वडिलांची शिस्त तुला माझ्याहून जास्त ठाऊक.

आधी इकडची हकीकत. तुझ्या भावजयीचा, मैनाचा खोकला कमी आहे. तुझ्यासाठी बांधून ठेवलेली संत्री तू घाईत इथंच विसरलीस, ती आम्ही खाल्ली, पण गोड लागली नाहीत. आपली रश्मी शिकवते त्या कॉलेजात तिच्या चित्रपट मंडळानं दाखवलेल्या त्या चित्रपटाची चर्चा अजून संपलेली नाही. इतक्या वादाचा चित्रपट म्हणून सभागृह भरलं खरं, पण कोणाला काय दिसलं ते ऐकशील तर हसशील. तो गावावर अंमल गाजवणारा अधिकारी अंगणात लाडू फेकतो आणि शिकलीसवरली माणसं गुडघ्यांवर येऊन ते तोंडानं उचलतात, हे पाहून काही बायका पदर तोंडाला लावून निघून गेल्या. माझ्या बँकेतले जुने सोबती नत्थुजी म्हणाले की असं पाहून कोणाले काय भेटते, उलटे पोट्टे बिघडतीन. एका पक्षाच्या लोकांना वाटलं की हा दुसऱ्या पक्षावर आहे, दुसऱ्यांना वाटलं पहिल्यावर, म्हणून दोघंही खूश होऊन घरी गेले. एकानं तर रश्मीला विचारलं की त्या अधिकाऱ्याच्या हातात बंदूक एकदाही काहून दिसली नाही, दिग्दर्शक विसरला काय. रश्मी म्हणते, चित्रपटाचं सगळं म्हणणं तेच तर आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. ऐन लाडवांच्या प्रसंगात दिवे लागले, कारण उत्तमराव आले होते. संस्था त्यांची, सभागृह त्यांचं. ते आले की कार्यक्रम थांबणार आणि सत्कार होणार, याचं इथं कोणाला नवल वाटत नाही. पडद्यावरची माणसं रांगत होती तशीच थांबून राहिली आणि खाली आम्ही सगळे उठून टाळ्या वाजवू लागलो. तू तेवढी बसून होतीस. मी तुझा कोपर धरला आणि ओढून तुला उभं केलं. साठी उलटलेल्या मोठ्या बहिणीला, भरल्या सभागृहात. मग उत्तमरावांनी शाल-श्रीफळ घेऊन, अशा हुकूमशहांपासून समाजानं सावध राहिलं पाहिजे असं भाषण केलं. त्यालाही आम्ही टाळ्या वाजवल्या. तू वाजवल्या नाहीस, तेही मी पाहिलं.

रश्मीच्या तासिका उत्तमरावांच्या मर्जीवर आहेत, यंदा कायम जागेच्या मुलाखती आहेत, हे मला त्या वेळी आठवलं, असं मी तुला सांगणार होतो. पण ताई, आठवायच्या आधीच माझा हात गेला होता. याची मला फार लाज वाटते. कॉलेजातली पोरं सांगत फिरतात की रश्मी मॅडमची आत्या उठलीच नाही, तिले ओढून उठवा लागलं. तुझा अभिमान वाटतो आणि तोंड लपवावंसंही वाटतं. रागाव, बोल, पण किसनरावांच्या हाती फोन देऊ नकोस.

मैनाचा जयभीम. धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
सुगत


अकोला,
१६ जानेवारी २०२५

चि. सुगतास,
ताईचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून बँकेच्या व्हाउचरवरच्यासारखंच आहे, सरळ आणि घाबरलेलं. तू लाज वाटते लिहिलंस तेव्हा मला आमच्या स्वप्निलच्या लग्नातली पंगत आठवली. तुझ्या बँकेतल्या साहेबांचा फोन आला आणि तू हातातली पुरी तशीच धरून उभा राहिलास. साहेब नागपुरात, तू पत्रावळीवर. किसनराव अजून ती नक्कल करून दाखवतात.

पण हसण्यावारी न्यायची ही गोष्ट नाही, म्हणून ऐक. मी बसून राहिले नव्हते रे. चित्रपट सुरू झाल्यावर पायाला आराम म्हणून मी चपला काढल्या होत्या. दिवे लागले तेव्हा एक सापडली, दुसरी कुठं मागं सरकली होती ती पायानं चाचपत होते. चप्पल सापडली असती तर मीही तुमच्यासारखीच उठले असते. टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण एका पायावर तोल जात होता आणि दोन्ही हातांनी पुढची खुर्ची धरली होती. एवढंच माझं शौर्य.

हे तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. राग होता म्हणून बोलले नाही. राग कशाचा, तर मी बसून राहीन असं तुला वाटलं आणि म्हणून तू मला ओढलंस याचा. आणि आता राग स्वतःचा आहे. रश्मीचा फोन आला, पोरगी रडत होती, तुझ्यासारखं व्हायचं म्हणाली, आणि मी काय बोलले ठाऊक आहे? काहीच बोलले नाही. किसनरावांनी तर ती गोष्ट गल्लीभर केली. सोमवारी पौर्णिमेला विहारात आमच्या महिला मंडळानं माझा सत्कार केला. शाल, पुस्तक आणि फुलं. जी बाई उठली नाही ती ही, असं सांगून सगळ्या बायकांना उभं केलं आणि टाळ्या वाजवायला लावल्या. नव्वदीच्या एक आजीसुद्धा काठी टेकून उठल्या. मी हात जोडले, शाल घेतली आणि खाली बसले.

त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही. रश्मीला मीच सांगेन, तू मध्ये बोलू नकोस, मला जरा धीर येऊ दे. संत्री खाल्लीत ते बरं केलं, पण पुढच्या वेळी दुप्पट वसूल करीन.

मैनाला आणि रश्मीला आशीर्वाद. मायेत कमी नाही, विश्वास असू दे.

तुझी,
ज्योत्स्नाताई


अमरावती,
५ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुला धीर यायची वाट पाहत बसलो आणि इथं व्हायचं ते होऊन गेलं. कॉलेजचं स्नेहसंमेलन झालं. उत्तमराव मंडपात आले, प्राचार्यांनी हातवारे करून पोरांना उठवलं, प्राध्यापक उठले. रश्मी पहिल्या रांगेत बसून राहिली. मी पालकांत मागं उभा होतो. तिचं ते डोकं तेवढं दिसत नव्हतं, सगळ्यांच्या पाठीच दिसत होत्या. त्यावरून कळलं.

दोन दिवसांनी प्राचार्यांनी चहाला बोलावून गोडीत सांगितलं की पुढच्या सत्रात तिच्या विषयाला तासिका नाहीत, आणि मुलाखतीचंही तिनं फार मनावर घेऊ नये. कागद नाही, ओरडणं नाही. ताई, इतकी वर्षं ती तासांवर राबली, घरी पेपर तपासून डोळे दुखवले, आणि सगळं एका बसण्यात गेलं. तिला विचारलं तर म्हणाली की सभागृहात जे पाहिलं त्यानंतर उठणं जमलं नाही. म्हणजे तुला पाहिलं. तेही जे घडलंच नाही ते.

उत्तमरावांच्या माणसानं सांगून ठेवलं आहे की पोरगी एकदा घरी येऊन साहेबाले भेटून गेली तर इशय खतम. माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल. तिला ताबडतोब लिही की तू काही मुद्दाम केलं नव्हतंस, ती चपलेची गोष्ट सगळी लिही. हट्टाचा पायाच गेला की ती जाईल आणि माफी मागेल. मी तुझ्या पाया पडतो. खरंच तर लिहायला सांगतो आहे, खोटं नाही.

मैना दोन दिवस नीट जेवली नाही. आमच्यावर दया असू दे.

तुझा,
सुगत


अकोला,
१० फेब्रुवारी २०२५

चि. रश्मी,
आत्याचा सप्रेम जयभीम आणि खूप आशीर्वाद.

पोरी, हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते. त्या दिवशी सभागृहात मी उठले नाही ते हिमतीनं नाही. माझी चप्पल हरवली होती. सापडली असती तर उठले असते आणि टाळ्याही वाजवल्या असत्या; आयुष्यभर शाळेत येणाऱ्या प्रत्येक साहेबासाठी उठले आणि पोरांनाही उठवलं. तू फोनवर रडलीस तेव्हाच हे बोलायचं होतं. तू मला मोठं केलंस आणि मला ते आवडलं, म्हणून गप्प बसले. त्या गप्प बसण्यानं तुझी भाकरी गेली. मला माफ कर असं लिहितानाही ओशाळं वाटतं, कारण माफ करून तुझ्या तासिका परत येणार नाहीत.

एक गोष्ट लपवणार नाही. हे लिही म्हणून तुझ्या बाबांनीच मला सांगितलं आहे. ही बाई खोटी निघाली की तू उत्तमरावांकडे जाशील असं त्यांना वाटतं. त्यांच्यावर चिडू नकोस, ते घाबरले आहेत. मी मात्र जा असं सांगत नाही. जाऊ नकोस असंही सांगत नाही. ज्या बाईची एक चप्पलसुद्धा जागेवर नव्हती, तिनं तुला कुठं जायचं ते काय सांगावं.

येत्या पौर्णिमेला विहारात सगळ्या बायकांसमोर हे सांगून शाल परत देणार आहे. किसनराव नको म्हणतात, लोक हसतील म्हणतात. हसू देत.

खात जा. आत्यावर राग धर, पण कायमचा धरू नकोस.

तुझी,
आत्या


अमरावती,
२२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

आत्या, तुझी चप्पल कुठं होती ते मला माहीत होतं. मी तुझ्या मागच्या रांगेत होते. टाळ्या वाजवायला उठले तेव्हा पायाखाली काहीतरी मऊ आलं. कोणाची तरी चप्पल आहे हे कळलं, पुढं तुझा अनवाणी पाय चाचपताना दिसला, आणि तरी मी पाय उचलला नाही. उत्तमराव आमच्या रांगेकडे पाहून हसत होते. मीही हसत होते. फोनवर रडले ते त्याबद्दल. तुझ्यासारखं व्हायचं असं म्हणाले, कारण खरं बोलवेना. तेव्हा ज्या गप्प बसण्याची तू माफी मागतेस ते माझ्याकडेही आधीपासून पडून आहे.

स्नेहसंमेलनात मी बसले ते तुझ्यामुळं नाही. सभागृहात मी पाहिला तो बाबांचा हात. तुझ्या कोपराला धरलेला. ज्या हातानं त्यांनी मला सायकल शिकवली तो हात इतका घाईत होता की तू कळवळलीस तेही त्यांना ऐकू आलं नाही. मंडपात सगळे उठले तेव्हा मला तो हातच दिसला आणि पाय हलेनात. याला हिंमत म्हणायचं का, मला ठाऊक नाही. बाबांना मी हे सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

मी उत्तमरावांकडे गेले नाही. राजापेठेत एका शिकवणी वर्गात स्पर्धा परीक्षेच्या पोरांना राज्यशास्त्र शिकवते. पैसे कमी, पण पोरं प्रश्न विचारतात. एकानं विचारलं की मॅडम, त्या पिक्चरमधी एकानं जरी लाडू उचलला नसता तर त्या साहेबानं काय केलं असतं. तो प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवला.

आता जे घडलं ते सांगते, कारण ते तुलाच सांगता येईल. परवा आम्ही चहा घेत होतो. बाबांच्या मोबाइलवर खुद्द उत्तमरावांचा फोन आला. बाबा सवयीनं उठू लागले, कप हातातच होता. मी पटकन त्यांचा कोपर धरला आणि खाली ओढून बसवलं. चहा त्यांच्या पायजम्यावर सांडला. ते हो साहेब, हो साहेब करत राहिले, पण बसून. माझ्याकडे पाहिलं नाही. फोन ठेवल्यावर नुसते कोपर चोळत बसले होते, आणि आईनं फडकं आणून दिलं तर तेही त्यांना दिसलं नाही.

आधी मला बरं वाटलं होतं. आता वाटत नाही. आत्या, मीसुद्धा त्यांना न विचारताच ओढलं होतं.

तू होळीला ये. संत्री राखून ठेवते. आल्यावर बाबांच्या शेजारी बस, आणि माझ्यावर जमेल तेवढी माया कर.

तुझी,
रश्मी